गळका तानपुरा

मद्रासमध्ये रेडिओ आला तो कानाला चिकटूनच. १९२४ साली सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढला आणि ३१ जुलैला एका लहानशा प्रक्षेपकावरून कार्यक्रम सुरू केले. त्या काळच्या साध्या क्रिस्टल सेटला ना वीज लागे ना बॅटरी. एरियलच्या तारेत जेवढी शक्ती उतरेल तेवढ्यावरच हेडफोनमधला पातळ पत्रा थरथरायचा. म्हणून त्यातली वेटोळी केसासारख्या तारेची आणि हजारो ओहमची असत. घरात चौघं असली तर दोघं एकेक वाटी कानाला लावत, बाकीची ताटकळत. पैशांअभावी १९२७ मध्ये क्लब बुडाला. १९३० मध्ये महापालिकेने ते काम उचललं, आणि संध्याकाळची गाणी कर्ण्यांवरून मरीनाच्या वाळूवर ऐकू येऊ लागली. ज्यांच्या घरी हेडफोन नव्हता त्यांची सोय झाली.

माझ्या घरी मात्र गाणं परत कानात शिरलं आहे. मी मूळची सांगलीची, ह्यांच्या नोकरीपायी इकडे, आता चेन्नई झालेल्या मद्रासला आलेली. वेलचेरीच्या तळ्यापासून जवळच आमचा फ्लॅट आहे, तिथे मी अभंग शिकवते. निम्मे विद्यार्थी परदेशातल्या मराठी घरांतले, त्यामुळे गाणी रेकॉर्ड करून पाठवावी लागतात. तबला पुण्याहून फाइल होऊन येतो, तानपुरा मोबाइलमध्ये असतो, आवाज तेवढा माझा. हेडफोन एकच घ्यायचा होता. दिवसा रेकॉर्डिंगला आणि रात्री कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकायला तोच. रिची स्ट्रीटवरच्या दुकानदाराने आधी विचारलं, "मॉनिटरा, म्युझिका, मॅडम?" दोन्ही म्हटल्यावर तो हसला. हसणारच, ही दोन घराणीच वेगळी: एक कामाचं, दुसरं सुखाचं.

हेडफोन निघाला तो पोटापाण्यासाठी राबणाऱ्यांच्या कानांसाठी. आधी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मुली, मग जहाजांवरचे बिनतारी संदेशवाले. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बनवलेला जोड तिथल्या नौदलाला पसंत पडला. ऑर्डर आली तेव्हा एका वेळी दहाच देता येतील असं त्यांनी कळवलं, कारण कारखाना म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर! (ओट्याशेजारी माइक लावणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून फार बरं वाटलं.) त्या हेडफोनकडून कुणाला गोडवा नको होता. ठिपका कुठला आणि रेघ कुठली एवढं कळलं की झालं. बर्लिनच्या बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला तोसुद्धा पुढे मोजमाप करणाऱ्यांच्या आणि ध्वनिमुद्रकांच्याच हाती राहिला.

सुखासाठी ऐकणारा फार उशिरा आला. मिलवॉकीच्या जॉन कॉस यांना १९५८ मध्ये खरं तर एक फोनोग्राफ खपवायचा होता. लोकांनी फोनोग्राफ सोडून सोबतचा स्टिरिओ हेडफोनच उचलून धरला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला. पिवळ्या स्पंजाच्या गाद्या आणि पाठ उघडी. आत कोंडलेली हवा मोकळी झाल्यामुळे गाणं डोक्यात घुमायचं थांबून समोर मांडल्यासारखं वाटू लागलं. १९७९ च्या वॉकमनसोबतचा हेडफोन तर जेमतेम ४५ ग्रॅमचा होता.

ही उघडी पाठच आमच्या कामात वैरी. उघड्या हेडफोनमध्ये तानपुरा लावून गायला लागलं की तो मागून गळतो आणि माइकमध्ये शिरतो. मग चुकलेली एक ओळ कापून दुसरी जोडायची तर जोडाच्या जागी तानपुऱ्याची तार मधेच तुटते. बंद हेडफोन गळत नाही, पण त्यात दुसरंच दुखणं. कान झाकले की आपला आवाज हाडांतून घुमतो, हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा, आणि सूर नकळत सरकतो. म्हणून जुने पार्श्वगायक एक कान उघडा ठेवून गाताना दिसतात. मीही तेच करते, फक्त मोकळ्या बाजूची वाटी कानामागे घट्ट दाबून ठेवते. तसं केलं नाही तर तीही गळते.

चेन्नईत घरी रेकॉर्डिंग करणं ही काही माझी टूम नव्हे. प्रसाद, एव्हीएम अशा स्टुडिओंत अख्खा वाद्यवृंद एकत्र बसवून गाणी होत असत, त्या काळात ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये कोडंबाक्कमला घराच्या मागच्या अंगणात पंचतन रेकॉर्ड इन उभारलं. १९९२ च्या 'रोजा' चित्रपटाची गाणी तिथलीच. पण त्यांच्या भिंतींना आवाज अडवण्याची सोय होती. माझ्या खिडकीतून २००७ पासून धावणारी एमआरटीएसची लोकल येते, पाण्याच्या टँकरची मोटर येते, पावसाळ्यात बेडूक आणि मार्गळी महिन्यात पहाटे देवळाचा कर्णा. हा सगळा गोंगाट माइक पकडतोच. तो पकडलाय की नाही, हे मला त्याच क्षणी ऐकू आलं पाहिजे.

त्यामुळे निवड बंदाकडेच झुकली. वायरलेसचा विचार आधीच बाद. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर मागे पडतो, आणि आपलाच सूर उशिरा कानी पडला तर कोण गाऊ शकेल? मग ओहमचा प्रश्न. बायरचाच डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. २५० चा मोबाइलवर कुजबुजल्यासारखा वाजतो, त्याला ताकदवान ॲम्प्लिफायर लागतो. ८० चा माझ्या साध्या ऑडिओ इंटरफेसवर नीट चालतो आणि मोबाइलवरही निभावून नेतो. त्याचा खर्ज जरा भरघोस आहे आणि वरचे स्वर टोचरे. पण त्या टोचण्यामुळेच 'स', 'श' च्या शिट्या रेकॉर्डिंगमध्ये लगेच सापडतात.

रात्री कुमारांच्या वेळी मात्र उघड्याची उणीव जाणवते. मैफल जवळ येते, पण खोली लहान होते. शिवाय दिवसभर चुका हुडकलेला कान सहजासहजी ताळ्यावर येत नाही. कुमारांचा श्वास ऐकू आला की माझा हात माऊसकडे जातो. त्यावर उपाय म्हणून दुसरा हेडफोन घ्यावा असं ह्यांचं मत. मला वाटतं, काम संपवून तासभर कान रिकामे ठेवले तर तो खर्च वाचतो.

ज्यांचं घर शांत आहे आणि ज्यांना घरी फक्त ऐकायचंच आहे त्यांनी खुशाल उघडा घ्यावा. चेन्नईत राहणाऱ्यांनी एवढं मात्र पाहावं की गाद्या बदलता येतात का. इथल्या घामाने रेक्झिनचे पापुद्रे सुटतात आणि गळ्याला काळे कण चिकटतात. मखमली गादी जास्त टिकते, धुताही येते. रिची स्ट्रीटला पुन्हा जाईन तेव्हा तेवढा एक जोड घेऊन ठेवायचा आहे.