मागची दोन की चारही?

जरीपटका म्हणजे खरं तर मराठी फौजेचं जरीचं निशाण. नागपूरकराला मात्र या शब्दाने आठवते ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेली उत्तर नागपुरातली वस्ती. पलीकडे कामठी रोडवर डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो जिथपर्यंत पोचली, त्या स्टेशनाचं नाव ऑटोमोटिव्ह चौक. अशा शेजारात राहणाऱ्या माणसाला गाडीचं वेड लागलं तर दोष कुणाला द्यायचा?

माझा भाचा तिथेच राहतो. गेले दोन महिने तो दोन जुन्या गाड्यांमध्ये अडकलाय. एक २०१४ची बीएमडब्ल्यू ३२०डी, तिची ताकद मागच्या दोन चाकांना. दुसरी त्याच सुमाराची ऑडी ए४ क्वात्रो, तिची चारही चाकांना. "मामा, तुम्ही सांगा ना, कोणती घेऊ?" पैसे त्याचेच आहेत, पण जमवलेत फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी. त्यामुळे ताईचं मत तिसरंच आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला गंमत वाटते ती अशी, की आज 'रिअर व्हील ड्राइव्ह' म्हणून जे मिरवतात त्यावरच तर आपण सगळे वाढलो. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, दोघींचं इंजिन पुढे आणि जोर मागे. गाडीच्या पोटाखालून लांबलचक शाफ्ट जायचा. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायाखाली जो उंचवटा यायचा (घरातल्या धाकट्याची जागा, आमच्याकडे माझी), तो त्या शाफ्टसाठी. १९८४ साली कॉन्टेसा आली, मूळची इंग्लंडची व्हॉक्सहॉल. तीही मागच्या चाकांचीच. तिला कुणी स्पोर्ट्स सेडान म्हटलं नाही, पण लग्नाच्या वरातीत तिचा रुबाब काय वर्णावा!

हे मोडलं मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली आणि पुढच्या चाकांची गाडी घरोघरी जायला लागली. इंग्लंडात १९५९च्या मिनीने ही युक्ती लोकप्रिय केली होती. इंजिन आडवं बसवायचं, जोर पुढच्याच चाकांना द्यायचा. शाफ्ट गेला, उंचवटा गेला, छोट्या गाडीत चार माणसं मावली. हिशोबाने बिनतोड. फक्त वळवायचं काम आणि ओढायचं काम एकाच जोडीवर पडलं. भाचा ज्याला 'फील' म्हणतो तो इथेच गेला, असं त्याचं म्हणणं. यात तथ्य आहे. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो, मागच्या चाकांची पकड वाढते आणि पुढची चाकं मोकळेपणाने फक्त वळतात.

पण मागच्या चाकांचं दुखणंही आमच्या पिढीने पाहिलंय. काटोलकडे काकांच्या शेतावर जाताना पहिल्या पावसानंतरची काळी माती! ॲम्बेसेडर जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. मग चाकांखाली पोती टाकायची, दोघांनी डिकीवर बसायचं, बाकीच्यांनी ढकलायचं आणि चिखलाने माखून घरी जायचं.

त्यावर आपल्याकडचं उत्तर होतं जीप, आणि १९८५ नंतर जिप्सी. ताडोबा-पेंचला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको. एरवी मागच्या चाकांवर चालायचं आणि चिखलात लिव्हर ओढून चारही चाकं जोडायची. ही सोय डांबरी रस्त्यावर वापरत नाहीत, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्ही जोड्या एकमेकींना घट्ट बांधल्या तर गाडी आखडते. मधे तिसरं डिफरन्शिअल दिलं की ही अडचण सुटते.

ते साध्या सेडानमध्ये रुळलं ते बर्फामुळे. १९७६-७७च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असताना ऑडीच्या यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की फोक्सवॅगनची इल्टिस नावाची लष्करी गाडी कमी ताकदीची असूनही बर्फावर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकते. मार्च १९८०मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'क्वात्रो' आली. इटालियनमध्ये क्वात्रो म्हणजे चार. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या बाईने ती घेऊन सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. आणि मागच्या चाकांचा धर्म पाळणाऱ्या बीएमडब्ल्यूनेही १९८५मध्ये ३२५आयएक्स ही चारचाकी जोराची गाडी काढलीच. बर्फापुढे कुणाचं चालतं?

तर प्रश्न असा, की मे महिन्यात पंचेचाळीस अंश तापणाऱ्या नागपुरात या उत्तराचं काय करायचं? चार चाकांना जोर दिल्याने गाडी निसरड्यावरून सुटते चांगली, थांबते मात्र इतर गाड्यांसारखीच. ब्रेक सगळ्यांनाच चार असतात. समृद्धी महामार्गावर १२०ची मुभा आहे आणि तिथे जीव सांभाळतात ते टायर. भाचा म्हणतो ऑडी आपल्या महाराष्ट्रात जुळवली जाते. खरंय. २००७ साली एकीकडे चेन्नईजवळ बीएमडब्ल्यू आणि दुसरीकडे औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) ऑडी जुळवायला सुरुवात झाली. पण त्याच औरंगाबादकरांनी २०१०मध्ये एकदम १५० मर्सिडीज विकत घेतल्या, ६५ कोटींच्या! गावाभिमानाने गाडी निवडायची नसते, हे त्यांना कळत होतं. असो.

माझं मत मी त्याला सांगून टाकलं. घ्यायचीच असेल तर मागच्या चाकांची घे. क्वात्रोचा एक टायर फुटला तर एकटा नवा घालून भागत नाही. चारही टायर सारख्या झिजेचे लागतात, नाहीतर मधलं डिफरन्शिअल विनाकारण राबत राहतं. त्यात आपल्याकडे विकल्या गेलेल्या बहुतेक ए४ पुढच्या चाकांच्याच आहेत. डिकीवर बिल्ला कुणीही चिकटवतो. गाडी लिफ्टवर चढवून मागे डिफरन्शिअल आहे का, ते डोळ्यांनी बघायचं. बीएमडब्ल्यूचंही सगळं गोड नाही. हवा गेली तरी चालणारे रनफ्लॅट टायर, म्हणून स्टेपनीच नाही, आणि खड्ड्यात ते टायर कडक लागतात. शिवाय २०१४ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ला संपणार. पुढे तपासणी, फी, आरटीओच्या फेऱ्या. हे सगळं किमतीतून वजा करूनच भाव करायचा आणि उरलेले पैसे ताईच्या फ्लॅटच्या खात्यात परत.

ते त्याला पटलंय असं दिसतं. रविवारी तो बीएमडब्ल्यू बघायला जाणार आहे. विकणारा म्हणतो टायर नवे आहेत. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३५१९' दिसलं तर तो टायर २०१९च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. चारही टायरांचे फोटो काढून मला पाठव म्हटलंय.