वस्तींतील स्त्रियांचीं मंडळें व आरोग्य

शहरांतील गरीब वस्त्यांचें आरोग्य स्त्रियांच्या हातीं आहे, हें विधान आज सर्वमान्य झालें आहे. तथापि त्याचा अर्थ दोन प्रकारांनीं केला जातो. एका मतानें रोगाचें मूळ घरांतील अज्ञानांत आहे. दुसऱ्या मतानें तें घराबाहेरील व्यवस्थेंत आहे. ह्या दोन मतांचा इतिहास उद्बोधक आहे.

मँचेस्टर व सॅलफर्ड ह्या इंग्लंडांतील गिरणगांवांत १८६२ सालीं संभावित घराण्यांतील स्त्रियांनीं आरोग्यसुधारणेसाठीं एक मंडळ स्थापिलें. आरंभीं त्यांनीं उपदेशपर पत्रकें वाटलीं. छापील उपदेशानें कार्य साधेना, तेव्हां श्रमजीवी वर्गांतीलच बायका पगार देऊन नेमल्या. त्या घरोघर जाऊन स्वच्छता, बालसंगोपन व रुग्णशुश्रूषा ह्यांविषयीं सांगत. इंग्लंडांतील आरोग्यसेविकांचा पेशा ह्याच मुळापासून वाढला. उपक्रम निःसंशय स्तुत्य होता; परंतु काय सांगावयाचें हें ठरविणाऱ्या स्त्रिया वस्तींत राहणाऱ्या नव्हत्या.

मुंबईंत ह्याच्या उलट घडलें. १९८१ सालीं पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा हुकूम निघाला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कांतच अंतर्भूत आहे, असें न्यायालयानें १९८५ च्या जुलैंत सांगितलें. तरी झोपड्या हटविण्यास मनाई मात्र केली नाहीं. त्याच वर्षीं स्पार्क ह्या संस्थेनें पदपथावरील कुटुंबांची गणना केली, आणि १९८६ सालीं भायखळ्याच्या पदपथावरील बायकांतून ‘महिला मिलन’ उभें राहिलें. पै-पैशाची बचत हा त्यांचा आरंभ. पुढें घराबरोबर संडासाचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. १९९९ पासून पुणें महानगरपालिकेनें सार्वजनिक संडास बांधण्याचें मोठें काम काढलें, त्यांत ह्या बायकांचा वांटा होता. स्त्रियांस निराळा प्रवेश आणि मुलांस निराळी जागा असावी, हा त्यांचा आग्रह. कारण रांगेंत मोठीं माणसें मुलांस मागें लोटतात व मुलें उघड्यावर बसतात, हें त्यांस रोजच्या अनुभवानें ठाऊक होतें. हें ज्ञान कोणत्याहि पत्रकांत नव्हतें.

मग मंडळ स्थापिलें कीं आरोग्य सुधारलें, असें म्हणावें काय? तसें म्हणतां येत नाहीं. २००६ ते २००९ ह्या काळांत मुंबईंतील ४८ वस्त्या निवडून त्यांपैकीं २४ वस्त्यांत स्त्रियांचीं मंडळें चालविण्यांत आलीं. नवजात अर्भकांचें मृत्युमान मंडळें असलेल्या वस्त्यांत कमी न होतां अधिकच आढळलें. उलट झारखंड व ओडिशांतील खेड्यांत, २००५ ते २००८ ह्या काळांत, अशाच मंडळांच्या योगानें हें मृत्युमान सुमारें ३२ टक्क्यांनीं कमी भरलें. दोहोंतील भेद विचारांत घेण्याजोगा आहे. त्या खेड्यांत बरींच बाळंतपणें घरीं होत. तेव्हां सुइणीचे हात व नाळ कापण्याचें साधन स्वच्छ ठेवणें बायकांच्या आवांक्यांत होतें. मुंबईच्या वस्त्यांतील बहुतेक स्त्रिया आधींच रुग्णालयांत प्रसूत होत होत्या. तेथील खाटा, तेथील परिचारिका व तेथील व्यवस्था ह्यांवर गल्लींतील मंडळाची सत्ता कशी चालावी?

ह्यावरून मंडळें निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. जेथें उपाय बायकांच्या हातचा आहे, तेथें त्यांची एकी प्राण वांचविते. जेथें तो नगरपालिकेच्या हातचा आहे, तेथें तिच्याकडून तो करवून घेणें, आणि तो कसा करावा हें तिला शिकविणें, हेंच त्या एकीचें कार्य होय. परंतु अलीकडे बायकांची मंडळें स्थापून पाणी, गटारें व प्रसूतिगृहें ह्यांची जबाबदारी हळूच त्यांच्याच माथीं टाकण्याकडे कल दिसतो. दिवसभर मोलमजुरी करून रात्रीं नळापाशीं नंबर लावणाऱ्या बाईस आरोग्यावरील व्याख्यानाआधीं पाणी हवें असतें. तें तिला देणें हें दान नसून, कर घेणाऱ्या नगराचें देणें आहे.