धर्मपीठाची पोतदारी

पंधराव्या शतकाच्या आरंभीं ज्याच्याकडे इतक्या दूरदूरच्या मुलखांतून पैसा येई असा धनी रोमच्या पोपशिवाय क्वचितच दुसरा कोणी होता. इंग्लंडांत काय, पोलंडांत काय, नवा बिशप नेमला गेला कीं त्यानें आपल्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा धर्मपीठास द्यावा, असा दंडक असे. पण हा पैसा रोमला पोंचावा कसा? वाटा चोरांनीं भरलेल्या, नाणीं देशोदेशीं निराळीं, आणि पोपच्या खजिन्यांतील लिपिक कायदा व लॅटिन जाणणारे. हुंडणावळीचा हिशेब त्यांच्या आटोक्याबाहेरचा. म्हणून धर्मपीठानें हें काम फ्लॉरेन्सच्या पेढीवाल्यांवर सोंपविलें.

त्यांत मेदिचींची पेढी पुढें आली. जियोव्हान्नी द बिच्ची यानें ती 1397 मध्यें फ्लॉरेन्समध्यें उघडली. तिची रोमची शाखा मोठी गमतीची होती. ती रोम शहराची नसून पोपच्या दरबाराची होती. दरबार हलला कीं गुमास्ते वह्या बांधून त्याच्यामागें निघत. 1414 ते 1418 पर्यंत कॉन्स्टन्स येथें धर्मसभा भरली, तेव्हां शाखाहि तेथें गेली. पांचव्या मार्टिनच्या कारकीर्दींत (1417–31) खजिन्याची पोतदारी मेदिचींकडे आली आणि मधले खंड सोडल्यास पुढें पुष्कळ वर्षें त्यांच्याकडेच राहिली. पेढीच्या पहिल्या तेवीस वर्षांच्या नफ्यापैकीं निम्म्याहून अधिक या एका शाखेचा होता.

वसुलीची रीत पाहण्यासारखी होती. नव्या बिशपच्या नेमणुकीचें आज्ञापत्र पेढीच्या हातीं दिलें जाई आणि रक्कम भरल्यावरच तें बिशपला मिळे. पैसे थकविणाऱ्यास धर्मबहिष्काराची भीति असे. असा वसुली-कारकून दुसऱ्या कोणत्या सावकारास लाभला असेल! व्याज घेणें धर्मानें निषिद्ध, म्हणून नफा हुंडीच्या दरांत लपविला जाई. ठेवीवरील व्याजाला तर 'खुशीची देणगी' असें नांव होतें, आणि तें घेणाऱ्यांत कार्डिनलहि असत.

आणखी एक गोष्ट या व्यवहारांत हळूहळू शिरली. खजिन्यांत शिल्लक नसली तरी पोपचा खर्च थांबत नसे. पोतदार आपल्या पदरचे पैसे घाली व तें खात्याला नांवें मांडी. जो हिशेब ठेवी तोच धनको झाला. तोल्फा येथील तुरटीच्या खाणी पोपच्या राज्यांत सांपडल्यावर 1466 मध्यें ती तुरटी विकण्याचा मक्ताहि मेदिचींना मिळाला. लोंकर रंगविणाऱ्या सर्व युरोपास तुरटी लागे. तेव्हां हा मक्ता लहान नव्हता.

चौथ्या सिक्स्टसला आपल्या भाच्यासाठीं इमोला हें गांव विकत घ्यावयाचें होतें. कर्ज देण्यास लोरेंझो मेदिचीनें टाळाटाळ केली, कारण तें गांव फ्लॉरेन्सच्या मार्गावरचें होतें आणि तो पेढीचा धनी असतांनाच शहराचाहि कर्ता होता. कर्ज पात्सी घराण्याच्या पेढीनें दिलें, आणि 1474 मध्यें पोतदारीहि तिच्याकडे गेली. दोन वर्षांनीं तुरटीचा मक्ताहि गेला.

26 एप्रिल 1478 रोजीं फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्यें, प्रार्थना चालू असतां, लोरेंझोचा धाकटा भाऊ जुलियानो याचा खून झाला. लोरेंझो जखमी होऊन निसटला. कटांत पात्सी होते आणि पोपचा भाचाहि होता. पोपनें लोरेंझोवर बहिष्कार घातला, मेदिचींची रोममधील मालमत्ता जप्त केली आणि त्यांचें देणेंहि नाकारलें. एकाच व्यवहारांत न्यायाधीश, ऋणको आणि वादी एक झाल्यावर पेढीनें दाद मागावी कोणाकडे?

मेदिची 1494 मध्यें फ्लॉरेन्समधून हांकलले गेले आणि पेढीचें दिवाळें वाजलें. त्याच वर्षीं लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूनें व्हेनिस येथें छापलेल्या गणिताच्या ग्रंथांत दुहेरी जमाखर्चाची पद्धत सांगितली. पैशाचा हिशेब धर्माच्या माणसाला कळूं शकतो, हें त्यावरून दिसलें. लोरेंझोचा मुलगा पुढें 1513 मध्यें दहावा लिओ या नांवानें पोप झाला. 1521 मध्यें तो वारला तेव्हां खजिना रिकामा होता, आणि त्याला कर्ज देणारे रोमचे कांहीं पेढीवाले बुडाले.