कोल्हा जवळ आला की

रेडिओ लहरींवरून शत्रूचा ठावठिकाणा काढायची विद्या युद्धात वाढली. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईआधी जर्मन आरमार हलल्याचा सुगावा ब्रिटिशांना किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांतून लागला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्याही अशाच हुडकल्या गेल्या. शोधणारा बहुधा खूप दूर. त्यामुळे खरी धडपड क्षीण सिग्नल ऐकण्याची.

पुढे हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, याचा खेळ केला. उत्तर आणि पूर्व युरोपात १९५०च्या दशकात ‘कोल्ह्याची शिकार’ रुजली. जंगलात ट्रान्समीटर लपवायचे आणि हातात रिसीव्हर घेऊन धावत शोधायचे. १९८० मध्ये पोलंडला पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता थेट कोल्ह्यापाशी पोचायचं होतं, आणि घोडं तिथेच अडलं.

मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सिग्नल ६ डेसिबलने वाढतो. पाच किलोमीटरवरून पाच मीटरवर आलात की वाढ ६० डेसिबल, म्हणजे शक्ती दहा लाख पट! मग अँटेना कुठेही वळवा, मीटरचा काटा टोकालाच. दिशा कळणार कशी?

उपाय म्हणजे सिग्नल मुद्दाम दाबणारा अटेन्युएटर, तोही घरी बनवलेला. ५० ओहमच्या सर्किटमध्ये सिग्नलच्या वाटेत सुमारे २४८ ओहमचा रेझिस्टर, दोन्ही टोकांपासून ग्राउंडला ६१ ओहमचा एकेक; झाले २० डेसिबल कमी. असे टप्पे स्विच लावून वाढवायचे. पण फार दाबलं की सिग्नल अँटेना सोडून रिसीव्हरच्या प्लास्टिकमधूनच आत घुसतो.

यावर हौशींनी झकास तोड काढली. छोटा ऑसिलेटर, एक डायोड, एक पोटेन्शिओमीटर. अँटेनातून येणाऱ्या १४५ मेगाहर्ट्झमध्ये ४ मिसळायचे आणि रिसीव्हर १४९ वर लावायचा. प्लास्टिकमधून घुसणारा १४५ आता बाजूला पडतो, आणि १४९ हवा तेवढा मंद करता येतो.

हा नुसता खेळ नाही. कोसळलेल्या विमानाच्या बीकनची ढोबळ जागा उपग्रह सांगतात. शेवटचं अंतर माणसं १२१.५ मेगाहर्ट्झचा माग काढत कापतात. कधी विमानतळावर उभ्या विमानाचा बीकन चुकून सुरू होतो. रांगेतलं नेमकं कुठलं, ते सापडेपर्यंत शोधपथक तिथेच अडकतं. तेव्हा कामी येतो तो कमी ऐकणारा रिसीव्हर.