मॉर्मन तरुण मिशनरी : जपानमधील त्यांचा दिनक्रम

मॉर्मन मिशनरी म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाच्या वतीने दीड ते दोन वर्षे, कोणत्याही वेतनाविना, बहुधा स्वतःच्या खर्चाने प्रचारकार्यास जाणारे तरुण-तरुणी. या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात केली. १८४७ पासून त्याचे मुख्य केंद्र युटामधील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या ग्रंथावरून त्यांना मॉर्मन म्हटले जाऊ लागले. २०१८ मध्ये त्यांचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी या टोपणनावाऐवजी पंथाचे पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरला. आम्ही येथे रूढ नाव केवळ सोयीसाठी वापरीत आहोत. त्यात अनादराचा हेतू नाही. आज सत्तर हजारांहून अधिक मिशनरी एकाच वेळी जगभर कार्यरत असतात.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींची या तरुणांशी कधी ना कधी गाठ पडतेच. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि सोबत तसाच दुसरा एक जण, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. त्या नामपट्टीमागे कसले जीवन आहे हे समजून घ्यावे म्हणून आम्ही जपानचे उदाहरण निवडले आहे.

जपान आपणांस अपरिचित नाही. संत फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा येथे उतरले. त्यांच्यासोबत होता तो अंजिरो हा जपानी मनुष्य, ज्याचा स्नानसंस्कार गोव्यातच झाला होता. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जेझुइट धर्मगुरूंबरोबर त्या देशी गेले, तेथील भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू या नात्याने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण केले. परक्या भाषेत कोवळ्या वयात शुभवर्तमान सांगणे म्हणजे काय, हे वसईकरांना वेगळे सांगावयास नको.

मॉर्मन पंथ जपानमध्ये पोहोचला तो १२ ऑगस्ट १९०१ रोजी. हेबर ग्रँट हे त्यांचे ज्येष्ठ नेते तीन सहकाऱ्यांसह योकोहामा बंदरात उतरले. त्यांतील अल्मा टेलर हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. ग्रँट यांना भाषा फारशी साधली नाही व ते १९०३ मध्ये परतले. टेलर मात्र १९१० पर्यंत तेथेच राहिला आणि त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. एवढे होऊनही तेवीस वर्षांत दोनशे माणसेही पंथात आली नाहीत. १९२४ मध्ये ते मिशन बंद करण्यात आले. तो निर्णय घेणारे पंथाध्यक्ष होते तेच हेबर ग्रँट! दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये कार्य पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये टोकियो येथे आशियातील त्यांचे पहिले मंदिर उभे राहिले.

मिशनरी होऊ इच्छिणारा तरुण प्रथम आपल्या स्थानिक बिशपकडे अर्ज करतो. येथे वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये. त्यांचा बिशप म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख नव्हे, तर आपल्या धर्मग्रामाएवढ्या मंडळीची काही वर्षे विनावेतन देखरेख करणारा प्रापंचिक गृहस्थ. तो दंतवैद्य असेल, दुकानदारही असेल. वैद्यकीय तपासणी झाल्यावर अर्ज सॉल्ट लेक सिटीला जातो आणि कोठे जायचे ते तेथून ठरते. उमेदवाराला देश निवडता येत नाही. पूर्वी हे पत्र मोठ्या पांढऱ्या पाकिटातून टपालाने येई व सारे कुटुंब जमवून ते फोडले जाई. २०१८ पासून ते संगणकावर येऊ लागले. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय एकोणीसवरून अठरा, तर मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस करण्यात आले. २०२५ च्या अखेरीस मुलींनाही अठराव्या वर्षी जाण्याची मुभा मिळाली. मुलगे दोन वर्षे सेवा करतात, मुली अठरा महिने.

जपानला जाणाऱ्या अमेरिकन तरुणास युटामधील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात सुमारे दोन महिने भाषा शिकविली जाते. आमचे सेमिनरीतील शिक्षण दहा वर्षांहून अधिक काळ चालले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान पचनी पडण्यास तेवढा अवधीही अपुराच वाटला. हे अठरा वर्षांचे युवक दोन महिन्यांच्या शिदोरीवर निघतात. त्यांना पदवी मात्र ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, अशी मिळते. मुलींना ‘सिस्टर’ म्हणतात. जपानीत एल्डरला ‘चोरो’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द खटकेल खरा, पण त्याचा अर्थ वडीलधारा असाच आहे.

त्यांचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, स्नान, न्याहारी आटोपल्यावर आठच्या सुमारास प्रत्येक जण एकट्याने धर्मग्रंथाचे वाचन करतो, त्यानंतर जोडीदारासह अभ्यास होतो व मग भाषेचे पाठ. अभ्यासासाठी २००४ पासून ‘प्रीच माय गॉस्पेल’ ही मार्गदर्शिका वापरली जाते. दिवस चढल्यावर सायकलींवरून दोघे बाहेर पडतात, रात्री नऊ-साडेनऊला परततात, दुसऱ्या दिवसाची आखणी करतात आणि साडेदहाला दिवे मालवतात. २०१७ पासून या वेळापत्रकात स्थानिक गरजेप्रमाणे थोडा फेरफार करता येतो. चित्रपट नाही, दूरदर्शन नाही, पोहणे नाही, मुलींशी मैत्री नाही. घंटेवर चालणाऱ्या व्रतस्थांना या दिनक्रमात फारसे नवल वाटणार नाही.

नवल आहे ते जोडीचे. न्हाणीघराचा अपवाद सोडल्यास मिशनरीने जोडीदाराच्या दृष्टीआड होऊ नये असा नियम आहे. जोडीदार मिशनचे अध्यक्ष ठरवतात. अध्यक्ष म्हणजे पत्नीसह तीन वर्षांसाठी नेमलेले एक गृहस्थ. साधारणतः दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा दिवस येतो. कोणाची जोडी फुटेल, कोणाला दुसऱ्या शहरी जावे लागेल, हे आदल्या काही दिवसांतच कळते. युटाच्या शेतावर वाढलेला एक, ओसाकाच्या गजबजाटात वाढलेला दुसरा. एकाला भात चालत नाही, दुसऱ्याला त्याचे घोरणे. एका खोलीत, जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर त्यांनी निभावायचे. आपल्या मठांतून निदान बाग तरी असते, एकटे फिरून यायला!

दुपारचे तास सर्वांत कठीण. जपानी घराच्या दाराशी बहुधा कॅमेरा असलेली घंटा असते. आतून नम्र आवाजात ‘केक्को देसू’ असे उत्तर येते. शब्दशः त्याचा अर्थ ‘उत्तम आहे’, पण अभिप्राय ‘नको’ असा असतो. नवखा तरुण आनंदतो, अनुभवी जोडीदार सायकल वळवतो. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर सांभाळताना परप्रांतीयांची जशी तारांबळ उडते, तशी, किंबहुना त्याहून अधिक, जपानी आदरार्थी भाषेत या मुलांची उडते. दार उघडलेच तर पाहुण्यापुढे हिरवा चहा येतो, आणि १८३३ पासून चालत आलेल्या त्यांच्या आहारनियमानुसार मद्य, तंबाखू, कॉफी व चहा वर्ज्य! यजमानाचा अपमान न करता नकार कसा द्यावा हा भाषेच्या पहिल्या आठवड्यातलाच धडा असतो. सातूचा भाजका काढा, ज्याला ‘मुगिचा’ म्हणतात, तो चालतो. जाणती गृहिणी तोच पुढे करते.

दारोदारच्या फेऱ्या अलीकडे घटल्या असून संपर्क बराचसा मोबाइलवरून साधला जातो. त्यांच्या प्रार्थनागृहात विनामूल्य इंग्रजी संभाषणवर्ग भरतात. येणाऱ्यांना बहुधा इंग्रजीच हवी असते, धर्म नव्हे. मिशनरींनाही ते ठाऊक असते. तरी ते शिकवतात, स्थानिकांच्या अंगणातील बर्फ उपसतात, वृद्धांना सामान उचलू लागतात. ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का असलेल्या या देशात दोन वर्षांत एक-दोन बाप्तिस्मे पाहून परतणारे थोडे नाहीत.

तरीही भेटीगाठींची व बाप्तिस्म्यांची संख्या दर आठवड्याला वर कळवावी लागते. या आकड्यांनी एकदा मोठा अनर्थ घडविला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षे टोकियोच्या दक्षिण मिशनमध्ये रस्त्यात भेटलेल्या तरुणांना अवघ्या काही दिवसांत, प्रसंगी त्याच दिवशी, बाप्तिस्मा देण्याचा सपाटा लावण्यात आला. संख्या प्रचंड फुगली. त्यांतील बहुसंख्य पुन्हा फिरकले नाहीत. त्या पंथातील जपानी अभ्यासकांनीच पुढे यावर परखडपणे लिहिले. ती नावे नोंदवणारी मुलेही विशीतलीच होती. अनेकांना आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांत निवड करावी लागली, हे आम्हांला त्या आकड्यांहून अधिक गंभीर वाटते. संख्येचा मोह आपल्या मिशनच्या इतिहासातही नव्हता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि पत्रे लिहिणे यांसाठी मोकळा असतो. पूर्वी घरी दूरध्वनी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी, करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास बोलण्याची परवानगी मिळाली. खर्चाचा भार कुटुंबावर असतो: अमेरिकेतील मिशनरीसाठी दरमहा ४०० डॉलर, जे जुलै २०२० पासून ५०० झाले. कोणत्याही देशी गेला तरी रक्कम तीच.

या तरुणांच्या निष्ठेविषयी आदर बाळगताना सिद्धांतातील अंतर झाकून चालणार नाही. ते पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात, परंतु पवित्र त्रैक्याविषयी ख्रिस्तसभेची जी श्रद्धा आहे ती त्यांची नाही. ते या तिघांस भिन्न व्यक्तिमत्त्वे मानतात, एकच परमेश्वर-तत्त्व नव्हे. म्हणून व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ जून २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या संमतीने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे जाहीर केले. त्यांच्यातून आपल्यात येणाऱ्यास नव्याने स्नानसंस्कार घ्यावा लागतो. संवादाची दारे मात्र मिटलेली नाहीत. ९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अध्यक्ष नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. दुसऱ्याच दिवशी रोममधील मॉर्मन मंदिराचे समर्पण झाले. आपल्या दाराशी असे दोघे आलेच तर त्यांना पाणी विचारावे, आपली श्रद्धा स्पष्ट शब्दांत सांगावी. त्यांच्याशी वाद जिंकण्यापेक्षा आपली धर्मशिकवण नीट ठाऊक असणे अधिक गरजेचे आहे.

मुदत संपण्यापूर्वी परतणाऱ्यांचा विषय त्या समाजात आजही नाजूक आहे. आजारपण असो वा मनाची खिन्नता, गावाच्या नजरा बोचतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे हजारो मिशनरींना अकस्मात मायदेशी आणावे लागले, तेव्हा अनेकांना आपले काम अर्धवट राहिल्याची रुखरुख लागली. याउलट काहींना जपान कायमचे चिकटते. १९७१ मध्ये मिशनरी म्हणून आलेले केंट गिल्बर्ट पुढे वकील झाले आणि १९८० च्या दशकात जपानी दूरदर्शनवरील घराघरांतील परिचित चेहरा बनले.

पूर्ण मुदत करून घरी पोहोचलेला तरुण त्याच क्षणी मोकळा होत नाही. तो प्रथम आपल्या परिसरातील मंडळींच्या प्रमुखाकडे जातो. थोडे बोलणे, एक प्रार्थना, आणि सेवामुक्तीचे शब्द उच्चारले जातात. मग तो खिशावरील नामपट्टी काढून ठेवतो. त्या रात्री, दोन वर्षांत प्रथमच, तो खोलीत एकटा झोपतो.