तरंगती झडप : जलघड्याळापासून मत्स्यटाकीपर्यंत

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतून रोज थोडे पाणी वाफ होऊन उडून जाते; मीठ मात्र मागेच राहते. क्षारता वाढू नये म्हणून तेवढेच गोडे पाणी भरत राहावे लागते. हे काम आपोआप करणारी युक्ती फार जुनी आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने जलघड्याळ सुधारले. धार एकसारखी पडायची, तर भांड्यातील पाण्याची उंची कायम हवी. त्यासाठी पाणी चढताच तरंगत वर येऊन आवक बंद करणारी झडप त्याने योजली, असे मानले जाते. पुढे १७६५ च्या सुमारास सायबेरियात इव्हान पोल्झुनोव्हने बाष्पयंत्राच्या बॉयलरसाठी हेच तत्त्व वापरले. आपल्या गच्चीवरील टाकीतला बॉलकॉक याच कुळातला.

पण क्षार साचून झडप उघडीच अडकली, तर? थेट नळाला जोडलेल्या टाकीत पाणी येतच राहील, क्षारता उतरेल आणि मासे दगावतील. इलेक्ट्रॉनिक संवेदकही बिघडतोच. म्हणून यंत्रणा निवडताना ‘ही बिघडेल का?’ यापेक्षा ‘बिघडल्यास किती पाणी येईल?’ हे आधी पाहावे. लहान बादलीतून पाणी घेणाऱ्या यंत्रणेची चूक बादलीएवढीच राहते.