नॅरो

नॅरो (विशेषण) : अरुंद, चिंचोळा. मराठीत हा इंग्रजी शब्द मुख्यतः ‘नॅरोगेज’ या जोडशब्दात रुळला. बोलण्यात या जोडशब्दाचे नाम होते आणि त्याला गाडीचे लिंग मिळते : ‘नॅरोगेज बंद झाली’. ‘अरुंदमापी’ हा प्रतिशब्द छापील मजकुरात आढळतो, फलाटावर तो कोणी वापरत नाही.

रेल्वेतील अर्थ : दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. भारतात ब्रॉडगेज १,६७६ मिमी., मीटरगेज १,००० मिमी. आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिमी. असते. महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वे (१८९७) ७६२ मिमी.ची होती, नेरळ-माथेरान (१९०७) ६१० मिमी.ची आहे. म्हणजे ‘नॅरो’ हे एकच ठरावीक माप नव्हे. अंतर कमी ठेवले की वळणे आखूड घेता येतात, रूळ हलके व पूल लहान चालतात आणि खर्च वाचतो.

पाचोरा-जामनेर : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेला, सुमारे ५६ किमी. लांबीचा ७६२ मिमी.चा मार्ग. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही वाटेतली स्थानके. लोकांच्या तोंडी नाव ‘पीजे’. पाचोरा हे मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरचे जंक्शन. तेथे अडीच फुटी रूळ साडेपाच फुटी रुळांना भेटत, पण जोडले जात नसत. जामनेरकडचा माल लहान वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा भरावा लागे. नॅरोगेजची खरी अडचण वेगापेक्षा या दुहेरी हमालीत होती. तरीही शेंदुर्णी-पहूर पट्ट्यातील विद्यार्थी, शेतकरी व किरकोळ विक्रेते यांना परवडणारे वाहन हेच होते. वाहतूकशास्त्राच्या ग्रंथांत अशा मार्गांची नोंद तोट्याच्या रकान्यात होते, ती अपुरी आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पाचोऱ्यात आंदोलने झाली. मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे.

इतर उपयोग : ‘नॅरो’ पॅन्ट (खाली निमुळती), ‘नॅरो माइंडेड’ (संकुचित वृत्तीचा).

विरुद्धार्थी : ब्रॉड.